हॅमस्टर म्हणजे "ठेवा आणि विसरा" नाही हो

आमच्या जुळे सोलापूरच्या सोसायटी ग्रुपवर परवापासून हॅमस्टरवर (उंदरासारखा, आखूड शेपटीचा छोटा पाळीव प्राणी) एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडंपण आला असेल. "वेळ नाही? मग हॅमस्टर आणा. दिवसभर झोपतो, जोडी आणली की एकमेकांत रमतात, वाटीभर दाणे टाकले की आठवडा निघतो, कुठल्याही कोपऱ्यात राहतो, लहान मुलांना बेस्ट." खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी लगेच विचारलं, पोरीच्या वाढदिवसाला आणू का. माझ्याकडं आत्ता तिसरा हॅमस्टर आहे, म्हणून राहवत नाही.

पहिलं जोडीचं, कारण ते जिवावर बेततं. मला पण दुकानदारानं "एकटा उदास होतो" म्हणून दोन दिले होते, सोनेरी, म्हणजे सीरियन जातीचे. पंधरा दिवस बरे होते, मग एका रात्री नुसती चीं चीं, लाईट लावून बघतो तर एकाचा कान फाटलेला आणि खालचा भुसा लाल. सीरियन हॅमस्टर मोठा झाला की एकटाच राहतो, दुसरा दिसला की मरेपर्यंत भांडतो. नर-मादी असले तर आणखी वेगळंच, १६ दिवसांत पिल्लं! कंपनी लागते ती गिनीपिगला (हॅमस्टरपेक्षा मोठा, बिनशेपटीचा पाळीव प्राणी), उंदरांना. स्वित्झर्लंडमध्ये तर एकटा गिनीपिग ठेवायला कायद्यानंच बंदी आहे.

आता "कुठल्याही कोपऱ्यात". हे लिहिणाऱ्यानं सोलापूरचा मे बघितला नसणार. ह्या जिवाला साधारण १८ ते २४ डिग्री मानवतं, आपल्याकडं दुपारी ४२-४३ होतं आणि वरच्या मजल्यावरचा स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला असतो. मागच्या मे महिन्यात लाईट गेली आणि मी ऑफिसमध्ये. घरी आलो तर आमचा पिंटू चारी पाय पसरून फरशीला चिकटल्यासारखा पडलेला, तोंड ओलं, हात लावला तरी उठेना. पाण्यात पिळलेला नॅपकिन अंगाखाली दिला, थंडगार पाण्यात बुडवला नाही कारण त्यानं अंगाला एकदम धक्का बसतो, आणि अर्ध्या तासानं तो हलला. तेव्हापासून पिंजरा खालच्या खोलीत, उन्हाच्या भिंतीपासून लांब, आत फुटक्या माठाचं खापर, आणि दुपारी बाहेरून टॉवेलात गुंडाळलेली बर्फाची बाटली. हे रोज करायला घरात माणूस लागतंय की नाही सांगा.

दिवसा झोपतो हे खरंय. पण म्हणूनच रात्री नऊला घरी येणाऱ्याला तो चालतो, शाळेतून दुपारी येणाऱ्या पोराला नाही, कारण झोपेतनं उचलला की कडकडून चावतो. रात्री पिंजऱ्यातलं त्याचं पळायचं चाक फिरत राहतं, बेडरूममध्ये ठेवलात तर तुमची झोप गेली.

दाण्यांचं असंय की तो गालाच्या पिशव्यांत भरून नेतो आणि कोपऱ्यात साठवतो, वाटी रिकामी म्हणजे खाल्लं असं नाही. पाणी रोज बघायचं, बाटलीची नळी बंद पडते ते कळत पण नाही.

मग कोण म्हणेल गिनीपिग घ्या. तो दिवसा जागा असतो, चावतो पण कमी, पोरांना खरंच बरा, पण ५ ते ८ वर्षं जगतो, दोन पाहिजेत आणि उन्हाचा त्रास त्यालापण तेवढाच. शरीरात व्हिटॅमिन सी तयार होत नाही म्हणून रोज ढोबळी मिरची-कोथिंबीर, आणि वाळलं गवत सतत, कारण दात आयुष्यभर वाढतात. कुणी लसूण घास (जनावरांचा हिरवा चारा, लसूण नव्हे) सुचवेल, पण मोठ्या गिनीपिगला तो रोज नको, कॅल्शियम जास्त असतं. आणि घरातली अमॉक्सिसिलिनची (अँटिबायोटिक) गोळी फोडून ह्या दोघांनाही कधी देऊ नका, पोटातले चांगले जंतू मरतात आणि जनावर जातं.

वहिनी, वाढदिवस एप्रिलमध्ये ना? पोरीला एक मोठा पिंजरा आणि चाक आणून द्या, ती सजवू दे, आणि जून लागला, एक-दोन पाऊस पडले की आपण दोघं जाऊन एकच हॅमस्टर घेऊन येऊ.