दाणे ठेवा, पण फवारणी थांबवा

घराभोवतीचे पक्षी जवळून पाहायचे तर दाणे-पाणी ठेवा, हा एका लेखात वाचलेला सल्ला पटला. पण लगेच पुढे 'कुंड्यांवर दर आठवड्याला कीटकनाशक फवारा' असं लिहिलंय, ते फार खटकलं. चिमणी एरवी दाणे टिपत असली तरी पिल्लांना सुरुवातीचे दिवस मुख्यतः अळ्या आणि किडेच भरवते. वाढीला लागणारी प्रथिनं त्यांच्यातूनच मिळतात. मग एकीकडे पक्ष्यांना बोलवायचं आणि दुसरीकडे त्यांच्या पिल्लांच्या तोंडचा घास काढायचा, हे कसं चालेल?

शिवाय कीटक म्हणजे नुसतं पक्ष्यांचं खाद्य नव्हे. माझ्या लिंबाच्या कुंडीतल्या अळ्यांना मी हात लावत नाही. काळी-पिवळी फुलपाखरं निघतात त्यांच्यातून! ही अळी लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचलं तर डोक्यामागून दुभंगलेला नारिंगी अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. थोडी पानं जातात, पण झाडाला पुन्हा पालवी फुटते. खिडकीच्या चौकटीवर उड्या मारणारा छोटा कोळीही जरूर बघा. आठ डोळ्यांपैकी पुढचे दोन चांगले मोठे असतात. आपण हललो की तो वळून आपल्याकडे बघतो. शिकारीसाठी जाळं विणत नाही, थेट झेप घेतो. कुंडीतल्या झाडांवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) फारच वाढला तर पाण्याची जोरदार धार मारली तरी बराचसा कमी होतो. लेखकाने फवारणीचं ते एक वाक्य बदलावं, ही मनापासून विनंती.