तान्हा पोळा, लाकडाचे बैल आणि बोजारा : एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची कमेंट रात्री साडेअकराला वाचली आणि लगेच उत्तर टाइप करायला घेतलं होतं, पण रागात लिहिलेलं सकाळी डिलीट करावं लागते हा अनुभव आहे, म्हणून झोपून गेले.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या आठवड्यात मी आमच्या साडेचार वर्षांच्या पोट्ट्यासोबतच्या तान्ह्या पोळ्याबद्दल, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडाचे बैल घेऊन दारोदार जातात त्या सणाबद्दल, लिहिलं होतं. त्यावर ताईंचं म्हणणं असं की शहरातल्या लोकांनी लाकडाचे बैल सजवून फोटो काढणं हा शेतकऱ्याच्या सणाचा तमाशा आहे, लेकरांना दारोदार पाठवून पैसे, म्हणजे बोजारा, घ्यायला लावणं म्हणजे भीक मागायला शिकवणं, आणि एवढ्याशा लेकराला मारबतीच्या, म्हणजे ईडा पीडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या, गर्दीत नेणारी आई बेजबाबदार. ताई आर्वीकडच्या, माहेरी दोन बैलजोड्या होत्या. म्हणजे पोळ्याबद्दल बोलायचा हक्क माझ्यापेक्षा त्यांचाच जास्त.

शेवटून सुरू करते, कारण तिथे मी चुकलेच. माझं माहेर नागपूरच्या महाल भागातलं, मारबत म्हणजे आमच्या अंगातच. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, हे आमच्याकडे लेकरांना पाढ्यासारखं पाठ असते. तर मला वाटलं आपला पोरगाही पाहील, नाचेल. इतवारीत बापाच्या खांद्यावर बसला होता, ढोल आले, बडगे, म्हणजे मिरवणुकीतले दुसरे पुतळे, आले, तोवर ठीक होतं, आणि मग ती काळी मारबत समोर आली तसं त्यानं बापाचे केस असे धरले की सोडेचना. रात्री विचारते तर म्हणे, तिला आपलं घर माहीत आहे का? मी आईला फोन करून म्हटलं, मी तर कधीच घाबरले नाही ना गं, तर आई हसायला लागली, म्हणे तू सात वर्षांची होईपर्यंत तुला वरच्या गॅलरीतून दाखवायचो, खाली नेलं की तू कपड्यातच सू करायची. हे मी सोयीस्कर विसरून गेले होते! खरं म्हणजे त्याच सकाळी आजीसोबत दारावर लावलेली पळसाची फांदी काढून फेकताना तो भलता खुश होता. आजी म्हणाली, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत, याने त्यात खोकला घातला, मच्छर घातले, आणि शेवटी "उपमा घेऊन जा गे मारबत" असं इतक्या जोरात ओरडला की समोरच्या फ्लॅटवाल्यांनी दार उघडलं. तेवढ्यावरच थांबायला पाहिजे होतं. पुढची दोन-तीन वर्षं मिरवणूक बंद.

आता लाकडाचे बैल. इथे मात्र भांडते. तान्हा पोळा हा पोळ्याची नक्कल करताना चुकून झालेला सण नाही ताई, तो पहिल्यापासूनच लेकरांचा आहे आणि पहिल्यापासूनच लाकडाच्या बैलांचा. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये तो सुरू केला, तान्ह्यांसाठी म्हणूनच तान्हा. आदल्या दिवशीचा पोळा शेतकऱ्याचा, खऱ्या बैलांचा, त्याला कोणीच हात लावत नाही. दुसरा दिवस लेकरांचा. दोनशे वर्षांवर जे खेळणंच होतं त्याला तुम्ही खोटं म्हणता हे मला पटत नाही बापा.

पण तुमचा सल दुसराच आहे, तोही कळला. गावात बैल राहिले कुठे, आणि शहरात मात्र लाकडी बैलांच्या स्पर्धा. आमच्या सासरी, काटोलकडे, शेवटची जोडी विकून सहा वर्षं झाली, ट्रॅक्टरवाला भाड्याने येतो. सासऱ्यांनी झूल अन् घुंगरमाळा मात्र कोठ्यात खुंटीला तशाच ठेवल्या आहेत, दर पोळ्याला काढून झटकतात आणि परत टांगतात, बोलत काही नाहीत. यंदा आम्ही पोळ्याच्या आदल्या संध्याकाळीच तिथे गेलो. शेजाऱ्यांच्या जोडीचे खांदे शेकायचे होते. हळद आणि तूप घेऊन सासऱ्यांनी खांदा चोळला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हटलं, पोराचा हातही धरून तिथे लावला. तो म्हणे, हा गरम आहे! बस एवढंच. मग नागपूरला आल्यावर त्याने घरातल्या लाकडी बैलाच्या खांद्याला तूप चोळलं, विचारून नाही, डब्यातून थेट मूठभर, सोफ्याच्या कव्हरवर अजून डाग आहे. आवतनही दिलं, फक्त तो म्हणाला "उद्या जेवायला ये, पण लवकर ये". याला तमाशा म्हणायचं असेल तर म्हणा.

फोटोंचं अर्धं मान्य. तो अडीच वर्षांचा होता तेव्हा सोसायटीच्या स्पर्धेसाठी मी त्याच्या कमरेएवढा बैल आणला होता, धोतर, फेटा, मिशी काढलेली, सगळं केलं, आणि साहेब पूर्ण वेळ बैलाच्या पोटाखाली बसून चाक फिरवत होते. स्टेजवर नेलं तर असा रडला की पहिल्या रांगेतल्या चार लेकरांना रडवलं. स्पर्धा आयांचीच होती, खोटं कशाला बोलू. यंदा वीतभर बैल घेतला आणि बेगड-गोंद त्याच्यासमोर ठेवून दिलं. एक शिंग निळं, दुसरं अर्धंच, झूल म्हणून माझ्या जुन्या ब्लाउजपीसचा तुकडा. बक्षीस नाही मिळालं आणि त्याला ते कळलंही नाही.

बोजाऱ्याला भीक म्हणालात ते मात्र लागलं. तुमच्याच घरचा गडी पोळ्याला बैल घेऊन घरोघर जात असेल ना? लोक बैलाचे पाय धुवायचे, कुंकू लावायचे, ओवाळायचे आणि गड्याच्या हातावर बोजारा ठेवायचे. ती भीक होती का? बैल दारी आला म्हणून घर देते. लेकरांचं तेच आहे. हौ, आता शंभराच्या नोटा, पाकिटं, आणि "कोणाला किती" हे जिन्यातच मोजून राहिले पोट्टे, ते मलाही नाही आवडत, आमच्या बी विंगमधल्या काकांनी तर गमतीत विचारलं, क्यूआर कोड आणला का बे! पण तिसऱ्या मजल्यावरच्या आजी चार वाजल्यापासून ताट घेऊन बसल्या होत्या, त्यांनी आमच्या बैलाचे पाय धुतले, पायांऐवजी चाकं होती तरी धुतली, अर्धं बेगड निघून आलं आणि आमचा पोट्टा ओक्साबोक्शी. मग आजींनीच स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा आणून ते चिकटवून दिलं. बोजारा म्हणून दहाचं नाणं आणि एक करंजी. नाण्याचं काय झालं माहीत नाही, करंजी मात्र जिन्यातच संपली.

आणि एक काम होतं ताई. तुम्ही लिहिलंय की तुमचे बाबा तोरणाखाली उभं राहून झडत्या, म्हणजे पोळ्याची कवनं, म्हणायचे. आमच्या सासऱ्यांना दोनच आठवतात, त्यातलीही एक लेकरासमोर म्हणण्यासारखी नाही, आणि पोराला तर फक्त "एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव" एवढंच येते, मधलं सगळं तो स्वतःच बनवतो. बाबांच्या पाठ असतील तेवढ्या फोनवर रेकॉर्ड करून पाठवाल का? शिव्यांच्या असल्या तरी चालतील, त्या मी ऐकीन.