‘हँड ऑफ फेट’ला दोन स्टार देणाऱ्या ग्राहकाला कॅफेतर्फे उत्तर

नमस्कार,

आमच्या गेमिंग कॅफेबद्दल तुम्ही लिहिलेला अभिप्राय वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: काउंटरवरच्या मुलानं ‘हँड ऑफ फेट’ तुमच्या गळ्यात मारला. हा गेम ना धड पत्त्यांचा, ना धड मारामारीचा. पत्त्यांचं सगळं नशिबावर चालतं, मारामारी दोन बटणांत संपते, बनवणारी कंपनीही बंद पडली आहे. पत्तेच खेळायचे असते तर घरी बदामसात खेळलो असतो, दोन तासांचे पैसे परत द्या.

पैशांचं आधी सांगते. ते परत देता येणार नाहीत. तुम्ही दोन तास पूर्ण खेळलात, मशीन आणि कंट्रोलर नीट चालत होते, आणि गेम बदलून हवा आहे असं तुम्ही मध्ये एकदाही सांगितलं नाहीत. इथे गेम कधीही बदलून मिळतो, त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.

आता गेमबद्दल. आमच्या मुलानं तुम्हाला आवड विचारली, तेव्हा तुम्ही रमी सांगितलीत आणि बॅटमॅनचे अर्कहॅम हे मारामारीचे गेम सांगितलेत. या दोन्ही आवडी एकाच ठिकाणी भागवणारे गेम फार थोडे आहेत. ‘हँड ऑफ फेट’ त्यातला आहे, म्हणून त्यानं तो सुचवला. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर मीही तोच सुचवला असता.

ब्रिस्बेनच्या डिफायंट डेव्हलपमेंट या छोट्या स्टुडिओनं किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करून हा गेम 2015 मध्ये आणला. टेबलापलीकडे तोंड झाकलेला डीलर बसतो, उपडे पत्ते मांडतो आणि तुमची सोंगटी त्यावरून चालते. प्रत्येक पावलाला शिधा कमी होतो. पत्ता उलटला की कधी वाटसरू भेटतो, कधी दुकान, कधी चोरांची टोळी. टोळी निघाली की टेबल मागे पडतं आणि तुम्ही तलवार घेऊन मैदानात उभे असता. ती तलवार, ढाल, अंगावरचं चिलखत, मागे लागलेला शाप, सगळं पत्त्यांतूनच आलेलं असतं. म्हणून यातली लढाई वेगळी काढून मोजू नये असं मला मनापासून वाटतं. शिधा संपत आलाय, अंगात जीव थोडा उरलाय, समोर कवट्यांच्या चिन्हाचे तीन सैनिक आहेत, अशा वेळी तीच दोन बटणं हात घट्ट धरायला लावतात.

आणि बटणं दोन असली तरी लढाईची चाल तुमच्या आवडत्या अर्कहॅमचीच आहे. शत्रूच्या डोक्यावर हिरवी खूण उमटली की वार परतवायचा, लाल उमटली की बाजूला उडी मारायची. अर्कहॅमइतकी ती सफाईदार नाही, हे खरं. अरुंद जागेत कॅमेरा अडचण करतो आणि काही तासांनी तेच तेच शत्रू समोर येतात. ही तुमची तक्रार रास्त आहे. बनवणाऱ्यांनीही लढाईवर पुन्हा काम केलं. 2017 मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात सोबतीला जोडीदार मिळतो, चिलखतवाल्या शत्रूंवर जड दोनहाती शस्त्र आणि चपळ चोरांवर दोन्ही हातांत एकेक छोटं शस्त्र, असा फरक पडतो. लढाई हाच तुमचा मुख्य आक्षेप असेल तर थेट दुसरा भाग लावा. गोष्ट समजायला अडचण येत नाही.

नशिबाबद्दल मात्र मी अजिबात सहमत नाही. एखाद्या प्रसंगाचा निकाल ठरवणाऱ्या ज्या चार पत्त्यांवर तुम्ही चिडलात, ते पिसण्याआधी उताणे दाखवलेले असतात. मोठं यश, यश, अपयश, मोठं अपयश, कुठला कुठे आहे ते दिसतं. मग ते उपडे होतात आणि तुमच्या डोळ्यांदेखत जागा बदलतात. चारही पत्त्यांवर नजर ठेवायला गेलात तर हरवाल. यशाचा एकच पत्ता धरा आणि त्याच्यामागेच नजर फिरवा, पुष्कळ वेळा तो सापडतो. काही वेळा पिसणं इतकं भरभर होतं की नजर हरते, तेव्हा ते नशीबच. पण रमीतही वाटलेली पानं तुमच्या हातात नसतात, काय ठेवायचं आणि काय टाकायचं तेवढंच असतं. इथेही डावाआधी आपला कॅट आपणच रचायचा असतो. एखाद्या पत्त्यावरची कामगिरी पूर्ण केली की डाव संपल्यावर नवे पत्ते मिळतात, मग डाव हरलेला असला तरी. दोन तासांत तुमच्याकडे रचण्यासारखं फारसं जमलेलंच नव्हतं. चार चिन्हांचे गुलाम, राणी, राजा असे बारा सरदार आहेत, त्यातला ‘धूळ’ या चिन्हाचा गुलाम तेवढा तुम्ही पाडलात.

प्रत्येक वाराला पत्ता हवा असेल तर ‘किंगडम हार्ट्स’ या गेममालिकेतला ‘चेन ऑफ मेमरीज’ बघा. मूळ गेम 2004 चा, गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातात धरायच्या यंत्रावरचा. त्याची नव्यानं केलेली आवृत्ती प्लेस्टेशन 4 च्या संग्रहात मिळते. त्यात धावता धावताच पत्ते टाकायचे. मोठ्या आकड्याचा पत्ता छोट्याला मोडतो, आणि शून्याचा पत्ता वेळेवर पडला तर कुणालाही मोडतो. शून्य हातात राखून ठेवायचा मोह आणि तो कधी टाकायचा ही घालमेल, यात एक वेगळीच मजा आहे. काहींना तो फार गडबडीचा वाटतो. मला दोन्ही आवडतात, पण नवख्याला मी आधी ‘हँड ऑफ फेट’च देते, कारण तो विचार करायला वेळ देतो.

राहिली कंपनी. डिफायंटनं 2019 मध्ये नवे गेम करणं थांबवलं, हे खरं आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं. हातातलं काम त्यांना अर्धवट सोडावं लागलं. पण हा गेम एकट्यानं खेळायचा आहे. स्टुडिओ बंद पडला म्हणून डीलर तुमच्याशी बोलायचा थांबत नाही, आणि अँथनी स्कॉर्डी यांनी त्याला दिलेला आवाज आजही तितकाच बोचरा वाटतो. स्टुडिओ चालू आहे का, एवढ्यावर गेमची निवड करायची तर आमच्या कपाटातले कितीतरी चांगले गेम बाहेर काढावे लागतील, आणि ते मी करणार नाही.

काउंटरवरच्या मुलाबद्दल तुम्ही ‘गळ्यात मारला’ असं लिहिलंत, ते वाक्य कृपया बदला, ही विनंती. कुठला गेम लावला म्हणून त्याला जास्तीचे पैसे मिळत नाहीत. तो आवडीनं सुचवतो. स्टार दोनच ठेवा, तो तुमचा हक्क आहे.

तुमचा सेव्ह, म्हणजे तुम्ही खेळ जिथे सोडलात ती नोंद, आम्ही पुसलेला नाही, खिडकीजवळच्या मशीनवर तसाच आहे. यायचं असेल तर आधी फोन करा. शनिवार-रविवारी ते मशीन रिकामं मिळत नाही.