टायगर मॉथचे पार्ट ‘कुठलेही कुठेही’ बसत नाहीत

टायगर मॉथ म्हणजे एकावर एक पंखांच्या दोन जोड्या असलेलं जुनं ब्रिटिश प्रशिक्षण विमान, आणि हार्वर्ड हे जुनं अमेरिकन प्रशिक्षण विमान. त्यांच्याबद्दल मुंबईतल्या विमानवेड्यांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: ‘टायगर मॉथ सगळी सारखीच. कुठल्याही मॉडेलचा पार्ट कुठल्याही मॉडेलला लागतो. बोल्ट नागदेवीत मिळतात, उरलेलं साकीनाक्याला लेथवर काढून घ्या. हार्वर्डचंही तेच.’

‘सगळी सारखीच’: नेहमीचं टायगर मॉथ म्हणजे ८२ए हे मॉडेल, त्याचं धड वेल्ड केलेल्या स्टीलच्या नळ्यांचं. रेडिओवर उडणारं, विनापायलट भावंड म्हणजे ‘क्वीन बी’, त्याचं धड लाकडी. नळ्यांना अडकणारं काहीही तिथे निरुपयोगी.

चाकांचा मोह समजू शकतो. ८२ए ला ब्रेक नाहीत आणि शेपटीखाली चाकाऐवजी घासत जाणारा स्किड, जो डांबरी धावपट्टीवर भराभर झिजतो. कॅनडातल्या ८२सी ला ब्रेकही आहेत आणि मागे चाकही. पण ब्रेक देताना त्यांनी पुढची चाकं आणखी पुढे सरकवली, हे मेसेजवाल्याच्या लक्षात आलेलं नाही. नुसती ब्रेकची चाकं ८२ए च्या पायांवर चढवली तर पहिल्याच जोरदार ब्रेकला शेपूट वर, नाक जमिनीत आणि लाकडी प्रॉपेलरचे तुकडे.

प्रॉपेलरचंही तसंच. काही ८२सी ना नेहमीच्या जिप्सी मेजर इंजिनाऐवजी मेनास्को इंजिन होतं आणि ते उलट्या दिशेने फिरतं. हबची भोकं जुळवून घेतली तरी पाती चुकीच्याच बाजूची.

आता बोल्ट, कारण खरा धोका इथे आहे. बीएसएफ या ब्रिटिश मापाच्या पाव इंची बोल्टला इंचाला २६ आटे, यूएनएफ या अमेरिकन मापाच्या बोल्टला २८. आट्यांचा कोनही वेगळा, ५५ आणि ६० अंश. ही जोडी दोन-तीन फेऱ्यांत अडकते, म्हणजे चूक कळते तरी. घात करतो तो २ बीए, हे बारीक बोल्टचं ब्रिटिश माप. व्यास ४.७ मिमी, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.८१. अमेरिकन १०-३२ चा व्यास ४.८३, पिच ०.७९. २ बीए चा बोल्ट १०-३२ च्या नटात सरळ जातो, हाताला खटकतही नाही. पण आटे अर्धवटच धरतात आणि पाना लावला की तुटून निघतात. दर वेळी आटे तपासायचं थ्रेड गेज लावा. जुना नट चालतोय हा पुरावा नव्हे, आधीच्या माणसानेही हीच चूक केलेली असू शकते.

‘लेथवर काढून घ्या’: कॉकपिटमधल्या एखाद्या मुठीसाठी ठीक. पण दोन्ही बाजूंच्या खालच्या पंखांचा ताण धडाखालून आडव्या जाणाऱ्या टाय रॉडवर येतो. त्यांचं आयुष्य २००० तास किंवा १८ वर्षं, जे आधी होईल ते. डिसेंबर २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळ हवेतच एका टायगर मॉथचे डावे पंख सुटले आणि दोघांचा जीव गेला. चौकशीत तुटलेल्या रॉडच्या आट्यांत धातूच्या थकव्याच्या भेगा सापडल्या. ते रॉड मूळ कंपनीचे नव्हते, नंतर बनवलेले होते, आणि तेही रीतसर मंजुरी घेऊन. बाजारातल्या सळईला आटे पाडून काय होईल, याचा अंदाज करा.

हार्वर्डच्या बाबतीत मेसेज थोडा तरी खरा आहे. तिथे बरेच पार्ट खरंच चालतात. फक्त वीज पाहा. एटी-६सी, म्हणजे हार्वर्ड २ए, १२ व्होल्टवर. एटी-६डी, म्हणजे हार्वर्ड ३, २४ वर. बाहेरून दोन्ही जुळी भावंडं. २४ चा स्टार्टर १२ वर नुसता कण्हतो, आणि १२ चा दिवा २४ वर लगेच उडतो. पार्टवरची पट्टी वाचूनच वायर जोडा.