स्पीडगन वळणाच्या अलीकडे हवी

रविवारी सकाळी घाट उतरल्यावर जो लांब सरळ पट्टा लागतो, तिथे पोलिसांनी मोटरसायकलवरून येणाऱ्या बंड्याला बाजूला घेतलं. मर्यादा ताशी साठ किलोमीटरची, स्पीडगनवर, म्हणजे वेग मोजणाऱ्या यंत्रावर, आकडा ८३. संध्याकाळी तो कट्ट्यावर आला तो पावती नाचवतच.

"वर घाटात चौदा वळणं आहेत. तिथे एक पोलीस नाही. खाली रस्ता फुटपट्टीसारखा सरळ, समोरचं अर्धा किलोमीटर दिसतं, तिथे झाडाआड बसतात. आमच्या जिवाची काळजी असती तर वर उभे राहिले असते!"

मला त्याचं पटलं, हे आधीच सांगतो. त्या रस्त्यावर मी बारा वर्षं गाडी चालवतोय आणि त्याच झाडाखाली मलाही एकदा थांबवलं होतं. त्या दिवशीचा राग अजून आठवतो. पण त्यापुढे दोन संध्याकाळ जे बोलणं झालं, त्यात माझं मत बरंच हललं. म्हणून हे लिहून काढतोय.

बंड्याची दुसरी तक्रार यंत्राबद्दल होती. "पोलीस रस्त्याच्या कडेला तिरका उभा होता. तिरकं मारलं की आकडा वाढतो."

"उलटं आहे," मास्तर म्हणाले. मास्तरांनी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं, चुकीचं विधान त्यांना ऐकवत नाही. "उभ्या माणसाच्या हातातल्या यंत्राला तुझा फक्त त्याच्या दिशेने येणारा वेग कळतो. कोन वाढला की तो कमी होतो. वीस अंशांच्या कोनातून ऐंशीची गाडी पंचाहत्तरच दिसेल. तिरकं उभं राहणं तुझ्या फायद्याचं होतं रे."

"म्हणजे मी ८३ च्याही वर होतो?"

"असशील थोडा."

बंड्या गप्प झाला, पण मास्तरांनी त्याची एक बाजूही घेतली. यंत्र दोन जातींचं असतं म्हणाले. रडार लहरी सोडतं आणि परत आलेल्या लहरीची वारंवारता किती बदलली त्यावरून वेग काढतं. त्याचा झोत रुंद पसरतो, त्यामुळे चार गाड्या एकत्र येत असतील तर आकडा नेमका कुणाचा, हा वाद होऊ शकतो. लेझरचं तसं नाही. ते डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे ठोके एकामागून एक मारतं, प्रत्येक ठोका जाऊन यायला किती वेळ लागला ते मोजतं आणि त्यातून अंतर किती भराभर कमी होतंय हे ठरवतं. झोत अरुंद असल्याने घोळक्यातली एकच गाडी निवडता येते. "तेव्हा कुठलं यंत्र होतं आणि त्याची तपासणी शेवटची कधी झाली, हे विचारायचा तुला हक्क आहे. तेवढं विचार. कोनाचं सोड."

मग बंड्याने ठेवणीतला मुद्दा काढला. तो नुसता गाड्या पळवणारा पोरगा नाही, वाचतो. १९८१ साली अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या चमूचा अहवाल आला होता. लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटरसायकल अपघातांच्या जागी स्वतः जाऊन त्यांनी तपास केला. "त्यात अपघाताआधीचा मध्यक वेग, म्हणजे निम्मे ज्याच्या खाली होते तो वेग, ताशी तीस मैलांच्याही खाली निघाला. म्हणजे पन्नास किलोमीटरसुद्धा नाही! आणि दुसऱ्या वाहनाशी टक्कर झालेल्या अपघातांपैकी जवळजवळ दोन तृतीयांशांत चूक समोरच्या वाहनाची होती, त्याने मोटरसायकलला वाट दिली नाही. मग आमच्याच वेगामागे का लागता?"

हा मुद्दा हलका नाही. विजूताई अपघात विभागात परिचारिका आहे, तीही क्षणभर थांबली. मग म्हणाली, "ते शहराचं झालं ना? चौकात गाडी आडवी वळते आणि मोटरसायकलवाला तिच्यावर आदळतो. घाटात चौक कुठे आहे? तिथून आमच्याकडे येतो त्याला कुणी धडक दिलेली नसते. तो स्वतः वळणाबाहेर गेलेला असतो."

आणि खरंच, त्याच अहवालात एकट्या गाडीच्या अपघातांबद्दल वेगळं लिहिलंय. तिथे दोन तृतीयांश वेळा चूक चालवणाऱ्याची निघाली. एक तर ब्रेक जास्त दाबून घसरणं, नाहीतर वेग जास्त म्हणून किंवा गाडी वळणाच्या आत पुरेशी न कलवल्यामुळे, आमच्या भाषेत न झोपवल्यामुळे, वळणाबाहेर जाणं. बंड्याने अर्धा अहवाल सांगितला होता, आपल्या रस्त्याचा अर्धा राहिला होता.

विजूताई पुढे म्हणाली, "कुठे उभे राहतात त्याच्याशी मला देणंघेणं नाही. झाडाआड राहोत नाहीतर झाडावर. वेग कमी झाला पाहिजे." स्वीडनच्या योरान निल्सन यांचं सूत्र तिला तोंडपाठ आहे. रस्त्यावरचा सरासरी वेग एक टक्का वाढला तर जीवघेणे अपघात साधारण चार टक्क्यांनी वाढतात. "एक टक्का म्हणजे साठावर एक किलोमीटरसुद्धा नाही रे."

बंड्या म्हणाला, "सरासरीचं गणित सरासरी माणसाला. मला गाडी येते."

इथे मास्तर उठले, खिशातून खडू काढला आणि कट्ट्याच्या फरशीवर एक वळण काढलं. हा भाग मला नीट सांगायचाय, कारण माझं मत इथेच हललं.

"पन्नास मीटर त्रिज्येचं वळण. साठच्या वेगाने घ्यायला गाडी साधारण तीस अंश झोपवावी लागते. ऐंशीने घ्यायला पंचेचाळीस. वेग वाढला एक तृतीयांश, पण वळण्यासाठी लागणारी पकड वाढली पावणेदोन पट. पंचेचाळीस अंशांवर कोरड्या चांगल्या डांबरावर टायर जेवढं देऊ शकतो, ते जवळजवळ सगळं वळण्यातच खर्च झालेलं असतं. आता सांग, पुढे खडी दिसली तर ब्रेकसाठी काय शिल्लक?"

"काही नाही," बंड्या म्हणाला. त्याला हे अंगाने माहीत आहे. त्याच्या मागच्या टायरची कड पार टोकापर्यंत घासलेली असते आणि पायठेवणीचं लोखंड एका बाजूला झिजून चकचकीत झालंय.

"आता डोंगरामुळे पुढचं चाळीस मीटरच दिसतंय असं धर. पलीकडे दगड पडलाय. दिसल्यावर हात हलेपर्यंत एक सेकंद जातो. साठने येणारा त्या सेकंदात सतरा मीटर जातो, मग जोरदार ब्रेक मारून आणखी वीस मीटरांत थांबतो. सदतीस झाले. दगड तीन मीटरांवर, वाचला. ऐंशीवाला पहिल्या सेकंदातच बावीस मीटर गेला. पहिला जिथे पूर्ण थांबला, तिथे हा किती वेगात असेल?"

मी म्हटलं वीस. बंड्या म्हणाला तीस.

"साठच्या थोडा वर," मास्तर म्हणाले.

आम्हाला खरं वाटेना. त्यांनी फरशीवर आकडेमोड करून दाखवली, बंड्याने मोबाइलवर पडताळली, ६१ पूर्णांक काहीतरी आलं. आणि हे गाडी सरळ उभी असताना. झोपलेल्या गाडीवर एवढा ब्रेक लागतच नाही.

तेवढ्यात अण्णा आले. अण्णा त्या घाटातून मालट्रक चालवतात, आठवड्यात तीन फेऱ्या. त्यांनी खडूचं वळण बघितलं आणि त्याच्या आतल्या बाजूला, मधल्या रेषेजवळ बोट ठेवलं. "इथे मला तुमची डोकी दिसतात."

"डोकी?"

"गाडी मधल्या रेषेकडे झोपवलेली असते ना, तेव्हा चाकं तुमच्या बाजूला असतात, पण डोकं माझ्या बाजूला आलेलं असतं. तुम्हाला वाटतं आपण आपल्या हद्दीत आहोत. मी वर बसलोय, मला हेल्मेट माझ्या बंपरच्या रेषेत येताना दिसतं. मी दर वेळी गाडी कड्याला घासेपर्यंत आत घेतो. जिथे जागाच नसते तिथे डोळे मिटल्यासारखं होतं."

बारा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही मधली रेषा चाकाने मोजत आलो.

ऑस्ट्रियाच्या डोंगरी रस्त्यांवर यावर एक उपाय केलाय: वळणाच्या आतल्या बाजूला, मधल्या रेषेलगत रंगाची गोल कडी काढतात. झोपलेल्या गाडीचं चाक रंगावर घालायला कुणी धजत नाही, म्हणून मोटरसायकलवाले आपोआप बाहेरून वळण घेतात आणि डोकं रेषेच्या अलीकडे राहतं. दंड नाही, पोलीस नाही. अण्णांना ते इतकं आवडलं की "रंग मी आणतो" म्हणाले.

मग गाडी परत मूळ प्रश्नावर आली: पोलिसांनी उभं कुठे राहायचं?

विजूताईचं म्हणणं वळणातच. ते मला पटलं नाही, बंड्यालाही नाही. वळणात गाडी झोपलेली असताना अचानक पोलीस दिसला की हात आपोआप ब्रेकवर जातो आणि मास्तरांनी दाखवल्याप्रमाणे तिथे ब्रेकसाठी पकडच उरलेली नसते. वाचवायला आलेला माणूसच पाडेल. पोलीस वळणाच्या अलीकडे हवा, जिथे गाडी अजून उभी आहे आणि वेग उतरवायला जागा आहे. आणि दिसला पाहिजे, लांबून. लपून पकडल्यावर पावती येते ती वळणं संपल्यावर. बंड्याची तशीच आली. चौदा वळणं तो जसा आला तसा आला, त्याला अडवलं खाली सपाटीवर. वेग चुकला होता, दंड रास्त होता, हे मी त्याच्या तोंडावर म्हटलं. पण त्या दंडाने घाटातलं एकही वळण सुरक्षित झालं नाही, हेही तितकंच खरं.

"दिसला की लोक हळू होतात आणि तो मागे पडला की परत पिळतात," विजूताई म्हणाली. बरोबर आहे, एका जागच्या कॅमेऱ्याचंही तेच होतं. म्हणून काही ठिकाणी दोन टोकांना कॅमेरे लावून मधल्या अंतराला किती वेळ लागला ते मोजतात. इंग्लंडमध्ये मॅकल्सफील्ड ते बक्स्टन हा ‘कॅट अँड फिडल’ रस्ता मोटरसायकलवाल्यांचा लाडका आणि अपघातांसाठी बदनाम, तिथे असे कॅमेरे आहेत. ब्रिटनमध्ये १९७५ पासून मोटरसायकलला पुढे नंबरप्लेट लागत नाही, तेव्हा तिथे फोटो मागून घेतला तरच उपयोग. बंड्याची शंका अशी, की सरासरी मोजली तर माणूस वळणं पळवेल आणि वर कठड्यापाशी पाच मिनिटं थांबून हिशेब जुळवेल. करतील काहीजण. पण बहुतेकजण थांबायचं गणित करत गाडी चालवत नाहीत, हा माझा अनुभव.

त्याने ब्रिटनजवळच्या आयल ऑफ मॅन बेटाचंही नाव घेतलंच, कट्ट्यावर कुणीतरी घेतंच. "तिथे मोकळ्या रस्त्याला मर्यादाच नाही, आणि १९०७ पासून मोटरसायकलची शर्यत चालू आहे!" खरं आहे. पण शर्यतीच्या दिवसांत तिथला डोंगरातला रस्ता एकेरी करतात, समोरून अण्णांचा मालट्रक येत नाही. आणि गावांतून तिथेही मर्यादा आहे. उलट अमेरिकेत टेनेसीच्या सीमेवरचा ‘टेल ऑफ द ड्रॅगन’ घ्या, अकरा मैलांत ३१८ वळणं, तिथे मर्यादा ताशी तीस मैल, म्हणजे अठ्ठेचाळीस किलोमीटर. तरीही जगभरचे लोक तिथे गाडी चालवायला जातात. वळणाची मजा आकड्यात नसते, हे तिथे जाणाऱ्याला कळलेलं असणार.

मला स्वतःला सगळ्यात जास्त हवंय ते वेगळंच. ब्रिटनमध्ये पोलीस ‘बाइकसेफ’ नावाचा उपक्रम चालवतात. त्यात मुरलेला पोलीस मोटरसायकलस्वार तुमच्या मागे गाडी चालवतो, मग बाजूला थांबून सांगतो, इथे ब्रेक उशिरा मारलास, इथे नजर चाकासमोर होती. हर्ट यांच्या अहवालात अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. आम्ही सगळेही तसेच. मला माझ्या मामाने शिकवलं आणि मामाला ब्रेक फक्त मागचा माहीत होता.

दुसऱ्या संध्याकाळी मास्तरांनी फरशीवर अख्खा घाट काढला. अण्णांनी आठवून आठवून फुल्या मारल्या, जिथे त्यांनी गाडी थांबवून कुणाला उचललं होतं तिथे. विजूताईने दोन भर घातली. टाकीच्या वळणावर चार, तुटलेल्या कठड्यापाशी दोन, उरलेल्या वरच्या बाजूला इकडेतिकडे. खालच्या सरळ पट्ट्यावर एकही नाही.

बंड्या बराच वेळ बघत बसला. मग त्याने खडू घेतला आणि टाकीच्या वळणावर पाचवी फुली मारली.

"ही कुणाची?" अण्णांनी विचारलं.

"माझी. गेल्या वर्षी. खडीवर गेलो, कठड्याच्या अलीकडे थांबलो. घरी सांगितलं नाही."

विजूताईने त्याचा कोपर धरला आणि बाही वर केली. जुनी खरचटलेली खूण होती, हाताएवढी. ती काही बोलली नाही.

फरशीवरच्या नकाशाचा फोटो काढलाय. अर्ज मी लिहितोय: टाकीच्या वळणाआधी दोनशे मीटरवर, दिसेल अशी स्पीडगन, रविवारी सकाळी सहापासून, वळणातली खडी आठवड्याला झाडायची आणि मधल्या रेषेलगत रंगाची कडी. बुधवारी अण्णांची फेरी नसते, त्या दिवशी सगळे मिळून पोलीस ठाण्यात जाणार आहोत. बंड्या पावती भरायला तिथे जाणारच होता.