स्वतंत्र पत्रक पहावे

परवा एक पौंड वीस पेन्सला घेतलेली माझी कोरी पेन्सिल एका इंग्रज आजोबांनी खिशात घातली आणि मी नुसता बघत बसलो. हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढे माझा सूर जरा वाकडा लागला तर कारण विचारायला नको.

झालं असं, की इथे इंग्लंडात २५ डिसेंबरला ट्रेन नाही, लंडनात ट्यूब म्हणजे भुयारी रेल्वे नाही, साधी बस नाही, काही मोजक्या कोच, म्हणजे लांब पल्ल्याच्या बस, तेवढ्या धावतात. पूर्वी काय करायचे यावर आमच्या मराठी ग्रुपवर वाद पेटला आणि मी शहाण्यासारखं म्हटलं, शोधून सांगतो. म्हणून सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी जुन्या कागदपत्रांच्या वाचनालयात गेलो. तिथे पेन चालत नाही, पेन्सिलच लागते, आणि ती तेच विकतात.

मला १९५०च्या दशकातलं चेल्टनम गावाचं कोचचं टाइमटेबल हवं होतं. चेल्टनम म्हणजे त्या काळच्या कोचवाल्यांचं दादर. १९३४ मध्ये बऱ्याच कंपन्या एकत्र आल्या आणि चहूकडच्या गाड्या तिथे गोळा व्हायला लागल्या, प्रवासी गाड्या बदलणार आणि दुपारी बरोब्बर दोन वाजता सगळ्या एकदम सुटणार. आमच्या तालुक्याच्या स्टँडवर एक गाडी निघायची तरी तीनदा कंडक्टरला हाका माराव्या लागायच्या. असो.

टाइमटेबल मिळालं. नाताळाच्या रकान्यात काय? तर एक चांदणी. खाली चांदणीचा अर्थ: स्वतंत्र पत्रक पहावे. पत्रक अर्थातच फाइलमध्ये नाही!

एवढ्यात शेजारून आवाज आला. ऐंशीच्या घरातले आजोबा, स्वेटरवर टाय.

"तुम्ही टाइमटेबलं गोळा करता?"

"नाही."

"तिकिटं?"

"नाही."

"चालकांच्या टोपीचे बिल्ले?"

"नाही हो."

"मग तुम्हाला हे कशाला हवंय?" असं विचारलं, की मी जणू देवळात चपला घालून शिरलोय.

मग माझी शिकवणीच सुरू झाली. लंडनचं व्हिक्टोरिया कोच स्टेशन १९३२ चं, हे मला माहीत नाही असं धरून दोनदा सांगितलं. १९३० च्या कायद्यापासून लायसन असल्याशिवाय गाडी नाही, १९८० मध्ये ते सगळं मोकळं केलं आणि वाटोळं झालं, हे त्यांचं मत, डोळ्यात पाणी आणून. मग रिलीफ गाड्या. सणाला गर्दी झाली की त्याच वेळेच्या मागे दुसरी गाडी, तिसरी, चौथी. मी म्हटलं, आमच्याकडे दिवाळीत एसटी सोडते, तिला जादा गाडी म्हणतात.

आजोबा एकदम खूश. "थांबा, लिहून घेतो, पेन्सिल द्या." दिली. त्यांनी सावकाश लिहिलं आणि वाचून दाखवलं, "जर्दा."

"जर्दा नाही, जादा. जर्दा पानात घालतात."

"पानात म्हणजे? गाडीच्या?"

यात वीस मिनिटं गेली. वाचनालय बंद व्हायला पस्तीस मिनिटं उरलेली, माझ्या समोर तीन फाइली न उघडलेल्या आणि मी या माणसाला कात, चुना, सुपारी समजावतोय. काउंटरवरच्या बाईंनी दोनदा 'शूऽ' केलं, तेही मला. बोलत होते आजोबा, पण ते रोजचे आणि मी पाहुणा. वीस वर्षं इथे टॅक्स भरतोय, तरी 'शूऽ' बरोबर माझ्याकडेच कसं वळतं कोण जाणे.

शेवटी मी पत्रकाचं विचारलं. आजोबा शांतपणे म्हणाले, "ते माझ्याकडे आहे की."

"घरी?"

"माळ्यावर. ख्रिसमस ट्रीच्या खोक्याखाली."

"मग ट्री काढताना दिसलं असेल ना?"

"यंदा ट्री काढलाच नाही. गुडघे."

मी म्हटलं, मी येतो, मी चढतो शिडीवर. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी किडनी मागितली. कोट घातला, वही बंद केली, पेन्सिल वरच्या खिशात, "हॅपी ख्रिसमस" आणि गेले.

वाचनालय आता जानेवारीत उघडेल. ग्रुपवर रोज विचारतायत, काय झालं त्या कोचचं. मी एक चांदणी टाकून ठेवलीये.