पेटाऱ्याआधीचे तीन महिने

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांमध्ये सध्या एक मजकूर मोबाइलवरून मोबाइलवर फिरतो आहे. मथळा ‘जगातला सर्वांत चतुर कैदी’, खाली महाराजांचं चित्र आणि पुढे आग्र्याच्या सुटकेची गोष्ट. गोष्ट थोडक्यात अशी: औरंगजेबाने शिवाजी महाराजांना किल्ल्यातल्या अंधारकोठडीत टाकलं. काहींनी तर तो किल्ला आपला ग्वाल्हेरचाच असल्याचं पुढे जोडलं आहे. महाराजांनी आजारपणाचं सोंग घेतलं, मूर्ख पहारेकऱ्यांना मिठाई चारून गाफील केलं, पेटाऱ्यात बसून एका रात्रीत बाहेर पडले आणि घोड्याला टाच मारून थेट राजगड गाठला. सगळं एकट्याच्या डोक्याने, आणि कुणाच्या केसालाही धक्का न लागता.

पाठवणारे प्रेमाने पाठवतात, हे मला ठाऊक आहे. तरीही या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि प्रत्येक चुकीने महाराजांचं काम लहान होतं. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

आधी अंधारकोठडी. ग्वाल्हेरचा किल्ला मुघलांचा राजकैद्यांचा तुरुंग होता, हे खरंच आहे. मानसिंह तोमरांच्या महालाखालच्या दोन मजल्यांत उतरून पाहिलंत तर कळेल. जिना अरुंद, वळणावळणाचा. खाली खांबांची गोल दालनं, छताला लोखंडी कड्या, आणि भर दुपारीही डोळे सरावायला वेळ लागावा असा अंधार. राजवाड्यातल्या माणसांना उन्हाळ्यात गारव्याला बसण्यासाठी बांधलेली ही जागा पुढे कैद्यांच्या वाट्याला आली. औरंगजेबाने सख्खा भाऊ मुराद याला याच किल्ल्यात ठेवलं आणि डिसेंबर १६६१ मध्ये इथेच त्याचा शिरच्छेद करवला. दारा शुकोहचा मुलगा सुलेमान शुकोह याला पोस्त पाजलं जायचं. अफूची बोंडं ठेचून रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी तो पेला कैद्यापुढे धरायचा, आणि पेला रिकामा झाल्याशिवाय अन्न द्यायचं नाही. हळूहळू शरीर जातं आणि बुद्धीही जाते. त्यापेक्षा एकदाच मारून टाका, असं सुलेमानने बादशहाला विनवलं होतं, असं फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो. १६६२ मध्ये सुलेमान इथेच संपला. त्याच्याआधी जहांगीराच्या काळात गुरू हरगोविंदजी याच किल्ल्यात बंदी होते. त्यांच्या सुटकेचं स्मरण म्हणून वर गुरुद्वारा उभा आहे.

शिवाजी महाराज मात्र या किल्ल्यात कधीच कैदी नव्हते. ते आग्र्याच्या किल्ल्यातल्या कोठडीतही नव्हते. १२ मे १६६६ रोजी, औरंगजेबाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या दरबारात, त्यांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत मागे उभं केलं गेलं. हा अपमान त्यांनी भर दरबारात बोलून दाखवला. त्यानंतर ते नजरकैदेत गेले, पण नजरकैद होती शहराबाहेर, मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा कुंवर रामसिंग याच्या छावणीलगतच्या त्यांच्याच तळावर.

एवढ्या एका तपशिलावर पुढचं सगळं उभं आहे. कोठडीला एक दार असतं आणि एक किल्ली. छावणीत रोज शेकडो माणसं येतात-जातात: पाणके, मोतद्दार, कारकून, हलवाई, दानाला आलेले ब्राह्मण, सावकारांचे गुमास्ते. अशा ठिकाणी पहारा कडक असला तरी त्याला दिवसभर माणसांची ये-जा चालू ठेवावीच लागते.

आणि ही नजरकैद सुखाची होती असंही कुणी समजू नये. दरबारानंतरच्या दिवसांत महाराजांना किल्लेदार रदअंदाजखानाच्या ताब्यात द्यायचं ठरत होतं. त्याचा अर्थ तिथे सगळ्यांना कळत होता. रामसिंग मध्ये पडला. आधी मला मारा, मग त्यांना, असं त्याने दरबारात कळवलं. त्यावर, शिवाजी पळाला किंवा काही आगळीक केली तर जबाबदार तू, असा जामीन बादशहाने त्याच्याकडून लिहून घेतला. महाराजांनी महादेवाची पूजा करून, बेल आणि पाणी वाहून रामसिंगाला वचन दिलं. जयपूर दरबारच्या दफ्तरातून सापडलेल्या राजस्थानी पत्रांत हे सगळं आलं आहे. आग्र्यात राहणारा परकालदास नावाचा कारकून घडेल ते आमेरला, म्हणजे रामसिंगाच्या घराण्याच्या राजधानीला, कळवत होता. सर जदुनाथ सरकार आणि आपल्या माळव्यातल्या सीतामऊचे डॉ. रघुवीर सिंह यांनी ही पत्रं संपादित करून १९६३ मध्ये छापली. घटना घडत असताना, तिथेच बसून लिहिलेला दुसरा असा पुरावा विरळा. सुटकेवर लिहिणाऱ्याने सुरुवात इथून करायला हवी.

आता ‘मूर्ख पहारेकरी’. आग्र्याचा कोतवाल फौलादखान याने तळाभोवती आपली माणसं बसवली होती. त्यांच्या आत रामसिंगाच्या राजपुतांचा वेगळा पहारा होता. दोन वेगळ्या धन्यांची माणसं एकाच कैद्यावर नजर ठेवून होती, आणि ती एकमेकांवरही ठेवत असणार. हा बंदोबस्त विचार करूनच केलेला होता. त्यांना मूर्ख म्हटलं की त्यांना हरवणाऱ्याचं श्रेय आपोआप घटतं, हे मजकूर लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं नाही. फौलादखानाने बादशहाला सांगितल्याचं एक वाक्य प्रसिद्ध आहे: राजा आकाशात उडाला की जमिनीत गडप झाला, कळत नाही. वाक्य खरं असो की मागाहून जोडलेलं, ते शोभतं कोतवालाच्याच तोंडी. कैदी जादूने गेला म्हटलं की पहारा कुठे ढिला पडला हे सांगावं लागत नाही. आपण त्याच जादूला टाळ्या का वाजवायच्या?

महाराजांनी केलं काय, ते तारखांकडे पाहिलं की उमगतं. दरबार १२ मेला, सुटका १७ ऑगस्टला. मध्ये तीन महिन्यांहून अधिक काळ आहे. या काळात बादशहाकडे अर्जांवर अर्ज गेले. मला दख्खनला जाऊ द्या, उरलेले किल्लेही देतो, असा एक. तो फेटाळला गेला. मला काशीला जाऊन फकीर होऊ द्या, असा दुसरा. खुशाल हो, पण अलाहाबादच्या किल्ल्यात राहा, या अर्थाचं उत्तर आलं. वरवर पाहता हे नकारच आहेत. पण प्रत्येक अर्जाने बादशहाच्या मनात एक चित्र पक्कं होत गेलं: हा माणूस खचला आहे, वाट काढतो आहे, विनवतो आहे.

यातला सर्वांत महत्त्वाचा अर्ज जूनमधला. माझ्याबरोबरची माणसं इथे पोसणं परवडत नाही, त्यांना परत जाऊ द्या, असं महाराजांनी मागितलं. औरंगजेबाने आनंदाने होकार दिला आणि परवाने दिले. त्याच्या बाजूने पाहिलं तर हिशेब बरोबर होता: कैद्याभोवतीची माणसं जितकी कमी तितका धोका कमी. महाराजांच्या बाजूचा हिशेब वेगळा होता. आपण निसटल्यावर ज्यांची मुंडकी उडाली असती ती शेकडो माणसं आधीच, बादशाही शिक्क्याच्या परवान्यांवर, सुखरूप बाहेर पडली. त्यातली काही वाटेवर उपयोगी पडावीत अशीच योजना असणार. ज्या दरबाराने कैद केली त्याच दरबाराच्या कागदांनी तळ रिकामा झाला. या सबंध प्रकरणात मला सर्वांत थोर वाटतो तो हा कागद, पेटारा नव्हे. फिरणाऱ्या मजकुरात त्याचा उल्लेखही नाही.

पैशाचीही तजवीज त्याच काळात झाली. रामसिंगाकडून रोख रक्कम घेऊन ती दख्खनमध्ये फेडण्याच्या हुंड्या लिहून दिल्या गेल्या. आणि रामसिंगाने आपला जामीन मागे घ्यावा, असंही महाराज त्याला सांगत होते. ज्या माणसाने आपला जीव वाचवला त्याच्या गळ्यात आपल्या पळण्याचा फास अडकू नये, ही काळजी त्यामागे दिसते. नुसत्या चतुर कैद्याला असं सुचत नाही.

मग पेटारे? मिठाईचे पेटारे सभासद बखरीत आहेत, भीमसेन सक्सेना आणि खाफीखान यांच्या फारसी लिखाणातही आहेत. पण सभासदाने बखर लिहिली ती जिंजीला, १६९७ च्या सुमारास, म्हणजे तीस वर्षांनी. बाकीचे दोघे त्याहून उशिराचे. महाराज वेश पालटून, जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांत मिसळून निघाले असावेत, असं मत काही अभ्यासकांनी साधार मांडलं आहे. मला पेटाऱ्यांची कथा टाकून द्यायची नाही. आजारपण, दानधर्म आणि रोज बाहेर जाणारी मिठाई यांची सवय पहाऱ्याला लावली गेली, हे पटण्यासारखं आहे. पण पेटाऱ्यात बसले की पेटारा खांद्यावर घेऊन चालले, यावर त्या योजनेची उंची ठरत नाही. तळ भरलेला असता, रोकड नसती, पुढच्या मुक्कामी माणूस नसता, तर पेटारा आग्र्याच्या वेशीपलीकडे किती कोस जाणार होता?

हिरोजी फर्जंद महाराजांच्या जागी पांघरूण घेऊन निजले, ही परंपरा जुनी आहे. पाय चेपणारा मदारी मेहतर मात्र समकालीन कागदांत कुठे भेटत नाही. त्याचं नाव टाकायचंच तर लोककथा म्हणून टाकावं.

‘थेट राजगड’ या शब्दांवर ग्वाल्हेरकराने तरी विश्वास ठेवू नये. आग्र्याहून दख्खनचा थेट रस्ता आपल्या दारावरून जात होता: धौलपूर, चंबळ ओलांडून ग्वाल्हेर, मग नरवर, सिरोंज, आणि खाली बुऱ्हाणपूर. बादशाही फौजा, सुरतेचे व्यापारी, परदेशी प्रवासी, सगळे याच वाटेने जायचे. म्हणजे जागोजागी चौक्या, सराया, डाकेचे स्वार, शिवाय घाटांवर ठरलेल्या नावा. श्रावण-भाद्रपदातली चंबळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको की त्या दिवसांत ती नावेशिवाय ओलांडता येत नाही, आणि नावेवर बसणारा प्रत्येक चेहरा नावाड्याला दिसतो. पळालेला शिवाजी दक्षिणेकडे धावणार, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणूनच महाराज उत्तरेला मथुरेकडे वळले. जे घर गाठायचं त्याकडे पाठ फिरवून चालायला केवढी छाती लागत असेल! तिथे नऊ वर्षांच्या संभाजीराजांना मोरोपंत पिंगळ्यांच्या नात्यातल्या ब्राह्मण कुटुंबाकडे ठेवून ते पुढे गेले. मूल बरोबर असतं तर बाप-लेकाची जोडी कुठेही ओळखली गेली असती. पोराला परक्या मुलखात सोडण्याचा हा निर्णय ‘घोड्याला टाच मारली’ या तीन शब्दांखाली पुरून टाकला गेला आहे. राजगडी पोचल्याच्या दोन तारखा सांगितल्या जातात: १२ सप्टेंबर, आणि जेधे शकावलीप्रमाणे, म्हणजे जेधे घराण्याच्या तारीखवार नोंदींप्रमाणे, २० नोव्हेंबर. कोणतीही धरा, एका दमात केलेली ती दौड नव्हे.

शेवटचं वाक्य मला सर्वांत जास्त खुपतं: ‘कुणाच्या केसालाही धक्का न लागता.’

रघुनाथ बल्लाळ कोरडे आणि त्र्यंबक सोनदेव डबीर हे महाराजांचे वकील आग्र्याच्या परिसरात लगेच पकडले गेले. त्यांचे हाल हाल करून महाराजांचा ठावठिकाणा विचारला गेला. रामसिंगाच्या पहाऱ्यावरच्या लोकांनाही सोडलं नाही. तूच पळवलंस, असा ठपका खुद्द रामसिंगावर आला. त्याला दरबारबंदी झाली, मनसब गेली. पुढे त्याला आसामच्या मोहिमेवर धाडलं गेलं, आणि १६७१ मध्ये सराईघाटला लाचित बडफुकनच्या अहोम सैन्याने त्याचा पराभव केला. त्याचे वडील मिर्झाराजे, ज्यांच्या शब्दावर महाराज आग्र्याला गेले होते, ते बादशहाच्या मनातून उतरले आणि १६६७ मध्ये बुऱ्हाणपूरला वारले.

एकट्याच्या डोक्याने झालेल्या कामाची किंमत इतके जण मोजत नाहीत. कोरडे आणि डबीर यांनी सोसलं म्हणून महाराजांना मिळालेली वेळ टिकली. मथुरेच्या त्या घराने जीव धोक्यात घालून राजपुत्र सांभाळला आणि पुढे सुखरूप पोचवला. बेल-पाण्याच्या वचनावर भरवसा ठेवणाऱ्या रामसिंगाने, जामीन राहिला किंवा गेला, भोगायचं ते भोगलंच.

म्हणून माझी विनंती आहे की हा मजकूर आला तर तसाच पुढे ढकलू नका. त्यातली अंधारकोठडी काढा, मूर्ख पहारेकरी काढा. जूनमधला परवान्यांचा अर्ज घाला, मथुरेची वाट घाला. आणि तळाशी ही नावं घाला: रघुनाथ बल्लाळ कोरडे, त्र्यंबक सोनदेव डबीर. दोघं एप्रिल १६६७ मध्ये सुटले. महाराज आग्र्याबाहेर पडल्यानंतर साडेसात महिन्यांनी.